वळिवड्याचा एक शब्द

मंडळी, गेल्या जानेवारीतली गोष्ट. कॅनडातल्या एडमंटनहून भाचीचा फोन आला. "मामा, आज इथे वजा पस्तीस आहे. गाडीला रात्रभर विजेचा प्लग लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी इंजिन चालू होत नाही. इथे माणसानं राहायचं तरी कसं?" मी म्हटलं, "बाई गं, घरात हीटर आहे ना? फ्रीजमध्ये दूध आहे ना? मग राहायचं." ती हसली. पण फोन ठेवल्यावर मला थोरल्या आत्याची आठवण आली, आणि आत्याबरोबर वळिवड्याच्या त्या पोलिश बाईची. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. नातू म्हणतो, "आजोबा, तुम्ही नुसतं सांगता, टाइप करा की." तर करतो.

आमच्या घरातल्या सगळ्यांना एक शब्द माहीत आहे. "ह्लेप." ताटातून भाकरीचा तुकडा खाली पडला की आत्या तो उचलायची, कपाळाला लावायची आणि म्हणायची, "ह्लेप." आम्ही पोरंही तसंच करायचो. हा शब्द मराठी नाही हे मला बरंच उशिरा, कॉलेजात गेल्यावर समजलं. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "ते पोलंडच्या बाईचं हाय. देवाचं नाव असंल त्येंच्यात. तुकडा पडला की उचलून त्येचा मुका घ्यायची आन् म्हनायची ह्लेप."

आत्याचं माहेर, म्हणजे आमचं मूळ घर, वळिवड्याजवळच्या एका खेड्यात. १९४३ साली ती पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरपासून कोस-दोन कोसांवर, सरकारनं माळावर लांबच्या लांब बराकी उभ्या केल्या. खाली दगडी जोतं, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर कौलं. आणि मग मिरजेकडून येणाऱ्या मीटरगेज गाडीतून गोरी माणसं उतरायला लागली. माणसं म्हणजे बहुतेक सगळ्या बायका, मुलं आणि थोडे म्हातारे. तरणे पुरुष जवळजवळ नाहीतच. होता होता ही वस्ती पाच हजारांवर गेली. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथकं, नाटकं, सगळं तिथं उभं राहिलं. १९४८ सालच्या सुरुवातीपर्यंत ही पोलिश वसाहत आपल्या कोल्हापुरात होती.

आत्या तिथे दूध आणि अंडी घेऊन जायची. तिचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं. बाई तिशीची असेल, तिच्याबरोबर एक मुलगी, सात-आठ वर्षांची. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. पण बायकांचं एक असतं बघा, भाषा नसली तरी गप्पा थांबत नाहीत. दूध मापताना, अंडी मोजताना दोघी आपापल्या भाषेत बोलत राहायच्या. आत्या मराठीत आकडे मोजायची, ती पोलिशमध्ये. "द्वा" म्हणजे दोन, "त्शी" म्हणजे तीन, "च्तेरी" म्हणजे चार, "प्येंच" म्हणजे पाच. आत्या म्हणायची, "आपलंच बिघडवून बोलत्यात गं." आत्या चौथी नापास, पण तिनं जे ओळखलं ते भाषाशास्त्रातलं मोठं सत्य आहे. पोलिश आणि मराठी दोन्ही एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. त्यांचं "मात्का" म्हणजे आपली माता, "ब्रात" म्हणजे भ्राता, विस्तवाला ते जवळपास अग्नीच म्हणतात. मी बी.ए.ला मराठी घेऊन हे पुस्तकात वाचलं, आत्या अंडी विकता विकता शिकली. असो.

त्या बाईनं आत्याला आपली हकिकत सांगितली होती. खुणांनी. जमिनीपासून छातीपर्यंत हात नेऊन एवढं बर्फ. दोन्ही हात कुडकुडवून थंडी. हातात कुऱ्हाड धरल्यासारखं करून झाडं तोडणं. पोटाला हात लावून भूक. आणि मग दोन बोटं वर, तळहात गालाला लावून डोळे मिटणं. दोन मुलं गेली. आत्याला हे सगळं समजलं. फक्त एक गोष्ट चुकीची समजली. तिला वाटलं, पोलंड देशच असा आहे, बर्फाचा आणि उपासमारीचा, म्हणून ही माणसं थंडीला भिऊन इकडं आली. आम्ही सगळे लहानपणी हेच समजत होतो. पोलंड म्हणजे उत्तर ध्रुवाच्या शेजारचा एक देश!

खरी हकिकत मला कळली ती १९९८ साली. त्या वर्षी या वसाहतीत लहानाचे मोठे झालेले पोलिश लोक कोल्हापूरला आले, आणि महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचं स्मारक उभं राहिलं. वर्तमानपत्रांत लिहून आलं. मी तेव्हा नोकरीतच होतो, इतिहासही शिकवत होतो, आणि मला लाज वाटली. पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती मुलांना घोकून घेत होतो, आणि घरापासून दोन कोसांवरचा इतिहास माहीत नव्हता. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. थोडक्यात सांगतो.

१९३९ सालच्या १ सप्टेंबरला हिटलरनं पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १७ सप्टेंबरला स्टॅलिनचं सैन्य पूर्वेकडून शिरलं, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. सोव्हिएतांच्या वाट्याला आलेल्या भागात जी माणसं नव्या सरकारला नकोशी होती, म्हणजे जमीन मिळालेले जुने सैनिक, वनरक्षक, अधिकारी, शिक्षक, त्यांच्या कुटुंबांना उचलून नेण्याचं ठरलं. पहिली मोठी धाड १० फेब्रुवारी १९४० रोजी पडली. ऐन हिवाळ्यात, पहाटेच्या अंधारात दारावर बंदुकीचे दस्ते. आवरायला कुठे अर्धा तास, कुठे तासभर. त्या एका खेपेत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गुरांच्या डब्यांत भरली गेली. अशा चार खेपा झाल्या, शेवटची १९४१ च्या मे-जूनमध्ये. सोव्हिएत कागदपत्रांप्रमाणे एकूण सुमारे ३ लाख २० हजार लोक नेले गेले. पोलिश लोकांचा स्वतःचा अंदाज त्याहून बराच मोठा होता.

पहिल्या खेपेतली पुष्कळ कुटुंबं गेली ती उत्तरेला, आर्खांगेल्स्क आणि कोमी या भागांत. नकाशा काढून बघा. कोल्हापूर साधारण १६ अंश अक्षांशावर, भाचीचं एडमंटन ५३ वर, आणि आर्खांगेल्स्क ६४ च्याही वर. आर्क्टिक वृत्त तिथून हाकेवर. कोमीचा वरचा भाग तर त्या वृत्ताच्याही पलीकडे. डिसेंबरात सूर्य जेमतेम चार तास दिसतो. उन्हाळ्यात रात्रच होत नाही, पण डासांचे ढग उठतात. हिवाळ्यात पारा वजा ४० पर्यंत उतरतो. रेल्वे संपली की घसरगाड्यांवरून जंगलात, आणि तिथे ओंडक्यांच्या बराकी. दोन ओंडक्यांच्या मधल्या फटी शेवाळानं बुजवलेल्या, आत ढेकूण.

या बराकी कोणी बांधल्या होत्या, ठाऊक आहे? पुष्कळ ठिकाणी त्या आधीच्या हद्दपार लोकांनी बांधलेल्या होत्या. १९३० च्या सुमारास स्टॅलिननं युक्रेनमधले वगैरे जरा बरी शेती असलेले शेतकरी असेच उचलून उत्तरेत फेकले होते. त्यांना तर बराकीही नव्हत्या, त्यांनीच जंगल तोडून त्या उभ्या केल्या. त्यातले जे जगले वाचले, त्यांनी दहा वर्षांनी आलेल्या या पोलिश बायकांना जगायचं कसं ते शिकवलं.

आणि हे शिकणं सोपं नव्हतं. कुंपण नव्हतं, कारण गरजच नव्हती. चहूकडे शेकडो मैल जंगल आणि दलदल. सोळा वर्षांवरच्या धडधाकट सगळ्यांनी झाडं तोडायची. भाकरी कामाच्या मापानं. जो जास्त ओंडके पाडेल त्याला जास्त पाव, म्हाताऱ्यांना आणि पोरांना कमी. काम न करणारा खाणार नाही, हे तर १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेतच लिहून ठेवलेलं होतं. छावणीचा अधिकारी नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगायचा की सवय होईल, आणि नाही झाली तर मराल. हे वाक्य इतक्या लोकांच्या आठवणींत आहे, की ते त्यांना वरूनच पढवून पाठवलेलं असावं असं मला वाटतं.

मग ही माणसं जगली कशी? वाचता वाचता मी याचीच नोंद करत गेलो. शिक्षकाची सवय.

पहिली गोष्ट, सामान. त्या अर्ध्या तासात ज्या बाईनं दागिने घेतले तिच्यापेक्षा जिनं पिसांची रजई, पीठ आणि कुऱ्हाड घेतली ती टिकली. आपल्याकडे जशी वाकळ, तशी त्यांच्याकडे हंसाच्या पिसांची जाड रजई. ती रात्री पांघरायची, आणि अगदीच वेळ आली तर विकून बटाटे घ्यायचे. बाकी कपडेही असेच गेले. पोलंडमधलं लोकरी पातळ कापड जवळच्या गावातल्या बायकांना अपूर्वाईचं होतं, आणि त्या बायकांकडे बटाटे, दूध, बार्ली असायची. त्यांनाही पोटभर नव्हतं, बरं का. पण अदलाबदल व्हायची.

दुसरी गोष्ट, जंगल. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत मुलं बोरं आणि अळंबी गोळा करायची. हिवाळ्यात हिरड्या सुजून दात हलायला लागले की पाइनच्या झाडाच्या सुया उकळून ते कडू पाणी प्यायचं. संध्याकाळ झाली की मुलांना दिसेनासं व्हायचं. रातांधळेपणा, चांगलं अन्न पोटात नाही म्हणून. एकमेकांचा हात धरून रांगेनं बराकीत परतायची. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी जरा वेळ बाहेर जाऊन बसलो होतो.

तिसरी गोष्ट, भाषा. इथं मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच निघालं. रशियन आणि पोलिश या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. आपल्याला गुजराती जशी ऐकून ऐकून समजते, तसं. शिवाय पूर्व पोलंडमधल्या अनेकांना युक्रेनियन येत होती. म्हणजे अधिकाऱ्याचा हुकूम त्यांना समजत होता. भाषा जवळची होती, पण त्या भाषेतून त्यांच्यापर्यंत येत होतं ते काय? माप, दरडावणी, आणि देव नाही म्हणून सांगणं. उलट मूळचे कोमी लोक. त्यांची भाषा फिनिश भाषेच्या कुळातली, पोलिश माणसाला एक अक्षर लागणार नाही अशी. पण बर्फात कुठं पाऊल टाकावं, कुठलं बोर खावं, पायाला काय गुंडाळावं, हे समजायला शब्द लागले नाहीत. आमची आत्या आणि तिचं गिऱ्हाईक यांच्यासारखंच.

आणि त्याच वेळी या आया आपली भाषा सोडत नव्हत्या. मुलांना रशियन शाळेत बसवलं जायचं. घरी, म्हणजे बराकीच्या आपल्या कोपऱ्यात, आई पोलिशमधून प्रार्थना म्हणून घ्यायची, अक्षरं गिरवून घ्यायची. पोटाला नसताना हा उद्योग कशाला, असं कोणी म्हणेल. मी पस्तीस वर्षं खडू धरला, मला तो प्रश्न पडत नाही.

पुढची गोष्ट झपाट्यानं सांगतो. २२ जून १९४१ ला हिटलरनं रशियावरच हल्ला केला आणि कालचे शत्रू एका बाजूला आले. ३० जुलैला लंडनमधल्या पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला. १२ ऑगस्टला या लोकांना "माफी" जाहीर झाली. माफी! गुन्हा काय होता ते मात्र शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. दक्षिणेत जनरल आन्डर्स पोलिश फौज उभी करताहेत हे कळल्यावर माणसं निघाली. रेल्वेनं, तराफ्यांवरून, पायी. ध्येय एकच, ऊब आणि आपलं सैन्य. पण उझबेकिस्तानात पोचल्यावर टायफस आणि हगवणीनं त्यांना गाठलं. उत्तरेच्या थंडीत तगलेली माणसं तिथं उन्हात मेली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सैनिक आणि कुटुंबं मिळून सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तिथं जुने कपडे जाळले, डोकी भादरली, आंघोळी घातल्या. ब्रिटिशांनी प्रेमानं मटणाचा चरबीदार रस्सा वाढला, आणि वाळलेल्या आतड्यांना तो सोसला नाही म्हणून कित्येक जण दगावले. आपण कोल्हापूरकर पाहुण्याला रश्श्याशिवाय सोडत नाही. हे वाचल्यापासून आजारी माणसाला आग्रह करताना माझा हात थबकतो. इराणच्या मातीत दोन हजारांहून जास्त पोलिश माणसं पुरलेली आहेत.

उरलेल्यांना ठेवायचं कुठं? कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिको, न्यूझीलंडला. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी जामनगरजवळ बालाचडीला अनाथ मुलांची सोय केली, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आणि मोठी वसाहत झाली ती आपल्या वळिवड्याला. हवा बरी, नदीचं पाणी, रेल्वेची सोय. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, संस्थानचा कारभार महाराणी ताराबाई पाहत होत्या. ही सोय केली ती हिंदुस्थान सरकार आणि पोलिश सरकार यांनी मिळून, पण जमीन, शेजार आणि बाजार कोल्हापूरचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. ते वर्ष १९४३. शेजारच्या साताऱ्यात प्रतिसरकारची चळवळ पेटलेली, आणि तिकडे बंगालमध्ये त्याच वर्षीच्या दुष्काळात आपली सुमारे तीस लाख माणसं अन्नावाचून मेली. म्हणजे परक्यांना पाव देणाऱ्या याच राजवटीनं बंगालला भात दिला नाही. त्यात त्या पोलिश बाईचा दोष नव्हता. आत्याच्या गावचे लोकही सुखात नव्हते, पण दूध विकताना तिच्या आईनं, म्हणजे आमच्या आजीनं, मापावर चार थेंब जास्त घालायला सांगितलेलं होतं, "परमुलखात लेकरू घेऊन आलीया" म्हणून.

वळिवड्याच्या बायकांचे नवरे, भाऊ, थोरले मुलगे आन्डर्सच्या फौजेत होते. मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोचा डोंगर पोलिशांनी काबीज केला, तेव्हा इकडे पंचगंगेकाठी पत्रांची वाट पाहिली जात होती. आत्याच्या गिऱ्हाइकाचा नवरा आला की नाही, ते आत्याला कधी कळलं नाही. युद्ध संपलं, पण १९४५ च्या याल्टा कराराप्रमाणे पोलंडचा पूर्व भाग रशियालाच राहिला. घर होतं ते गावच दुसऱ्या देशात गेलं. थोडे लोक पोलंडला परतले, बाकीचे १९४७-४८ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा वाटांनी पांगले. काही जणांच्या कबरी कोल्हापुरातच राहिल्या. एक पोलिश तरुणी मात्र इथल्याच माणसाशी लग्न करून कोल्हापूरची सून झाली आणि इथेच म्हातारी झाली.

आणि त्या रिकाम्या बराकींत लगोलग कोण आलं? फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी निर्वासित. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर म्हणजे तीच जागा. उत्तरेतल्या बराकी आधीच्या हद्दपार लोकांनी बांधल्या आणि पोलिश लोकांनी वापरल्या. वळिवड्याच्या बराकी पोलिशांसाठी बांधल्या आणि सिंध्यांच्या कामी आल्या. साडी बघताना हे कोणाच्या मनात येत नाही, माझ्याही येत नव्हतं.

१९९८ साली हे सगळं मी आत्याला वाचून दाखवलं. ती सत्तरीची होती. पोलंड बर्फाचा देश नाही, त्या बाईला कुणीतरी बर्फात नेऊन टाकलं होतं, हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मी तिला उगीच म्हनत हुते, तुमच्या देसात लई थंडी, इथंच ऱ्हावा म्हून." २००४ साली आत्या गेली. ह्लेप म्हणजे काय, ते काही मी तिला सांगू शकलो नाही. मलाच माहीत नव्हतं.

आता जे लिहायचं म्हणून ही पोस्ट लिहायला घेतली, ते लिहितो.

१९७९ साली मी कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या शाळेत पाचवीला मराठी शिकवत होतो. वर्षाच्या मध्यात एक मुलगा वर्गात आला. आईबाप दगडखाणीवर कामाला, घरी तेलुगू बोलणारे. मुलाला मराठी येत नव्हतं. मी तरुण होतो, शुद्ध भाषेचा अभिमान डोक्यात गेलेला होता. एके दिवशी दुपारी तो उभा राहिला आणि म्हणाला, "नीळ्ळु." मी म्हटलं, "कोण निळू? आमच्या वर्गात निळू नाही." वर्ग हसला. तो परत म्हणाला, "नीळ्ळु." मी त्याला सांगितलं, मराठीत बोल, मग बस. तो तास संपेपर्यंत उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही पोरांनी त्याला निळू म्हणून चिडवलं आणि मी त्यांना अडवलं नाही. तिसऱ्या दिवसापासून तो आला नाही. हजेरीपटावर मी महिनाभर त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडत राहिलो, आणि मग नावावर रेघ मारली.

घरी हा किस्सा मी गंमत म्हणून सांगितला होता. सगळे हसले. आत्या आलेली होती, ती तेवढी हसली नाही. म्हणाली, "आरं, काय मागत हुतं ते तरी बघायचं हुतंस." मी म्हटलं, "आत्या, साठ पोरं असतात, एकेकाचं कुठं बघत बसू?"

नीळ्ळु म्हणजे पाणी. तेलुगूमध्ये पाण्याला नीळ्ळु म्हणतात. हे मला कितीतरी वर्षांनी, हैदराबादला लग्नाला गेलो असताना, पंगतीत पाणी वाढणाऱ्या मुलाच्या तोंडून कळलं. हातातला घास हातातच राहिला. मराठीचा शिक्षक मी, "नीर" हा शब्द कवितेत आला की फळ्यावर लिहून अर्थ सांगणारा. एका तहानलेल्या पोरानं तोच शब्द जरा वेगळ्या उच्चारानं माझ्यापुढे ठेवला, आणि मी तो ओळखला नाही. चौथी नापास आत्यानं "प्येंच" ऐकून पाच ओळखला होता.

त्या मुलाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. खाण केव्हाच बंद पडली, खोल्या मोडल्या. शोधायचं म्हटलं तरी कुठं शोधणार? सेवानिवृत्तीच्या समारंभात लोक चांगलं चांगलं बोलतात. माझ्याही वेळी बोलले. मी मान खाली घालून बसलो होतो, सगळ्यांना वाटलं भारावून गेलोय.

२०१९ साली वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभारला, तेव्हा मी बघायला गेलो होतो. पोलंडहून पाहुणे आले होते, त्यात इथे लहानपण काढलेले, काठी टेकत चालणारे म्हातारे-म्हाताऱ्याही होत्या. ऑगस्टच्या महापुराचा चिखल अजून सगळीकडे होता. मी मागे उभा होतो. एकीला जाऊन आत्याचा शब्द विचारावा असं फार वाटलं, पण गर्दी, पोलीस, आणि माझं इंग्रजी. धीर झाला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला वंदन करताना टीव्हीवर दिसले, तेव्हाही घरात सगळ्यांना तोच शब्द आठवला.

शेवटी या जानेवारीत भाचीला म्हटलं, थंडीचं रडगाणं पुरे, माझं एक काम कर. तिच्या शेजारी एक पोलिश आजीबाई राहतात, तिला त्या कधीमधी केक आणून देतात. म्हटलं, त्यांना विचार, तुकडा पडला की उचलून मुका घेतात आणि म्हणतात तो ह्लेप कोण देव? दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर उत्तर आलं. "मामा, देव नाही. ह्लेप म्हणजे पाव. त्या म्हणाल्या, जुनी माणसं पडलेला पाव उचलून त्याचा मुका घेत. रशियनमध्येही जवळजवळ हाच शब्द आहे म्हणे."

म्हणजे ती बाई देवाचं नाव घेत नव्हती. ती नुसतं म्हणत होती, "पाव." हातातल्या तुकड्याचं नाव आत्याला सांगत होती. तिकडे उत्तरेत, मापाच्या रांगेत उभं राहिल्यावर, हाच एक शब्द तिला दोन्ही भाषांत सारखा उपयोगी पडला असेल. आणि इकडे एका मराठी मुलीनं तो ऐकून अन्नाला कपाळाला लावलं. अर्थ चुकला, पण वागणं चुकलं नाही.

काल रात्री जेवताना नातवाच्या हातून चपातीचा तुकडा पडला. त्यानं उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "ह्लेप." मी त्याला अर्थ सांगणार होतो. मग म्हटलं, आधी हे लिहून होऊ दे, मग वाचून दाखवू.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी वळिवड्याची काही आठवण असेल, एखादी वस्तू, एखादा शब्द, तर आजी-आजोबांना विचारून जरूर लिहून ठेवा. आणि घरी कामाला येणाऱ्या, रस्त्यावर खणणाऱ्या कोणाचं मूल काही मागत असेल आणि समजत नसेल, तर आधी तांब्या पुढे करून बघा.